काखेत कळसा, सिंगापूरला वळसा: जीएसएलबीतलं ‘लोकेशन’ नक्की कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीची दोन डेटा सेंटर्स, एक नवी मुंबईत ऐरोलीला, दुसरं सिंगापूरला. दोन्हीकडे नेटस्केलर (ट्रॅफिक वाटून देणारं उपकरण), त्यावर जीएसएलबी (वापरकर्त्याला कोणत्या डेटा सेंटरला पाठवायचं ते ठरवणारी सोय), पद्धत स्टॅटिक प्रॉक्सिमिटी, म्हणजे आधीच भरलेल्या तक्त्यावरून ‘जवळचं’ ठरवणं. लोकेशन डेटाबेस (कोणता आयपी पत्ता कुठला, याची यादी) चढवून झालाय, दोन्ही साइट हिरव्या दिसतात. तरी पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांना ॲप सिंगापूरहून उघडतं, दुबईच्या ऑफिसला कधी मुंबई मिळते तर कधी सिंगापूर, आणि घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत काही नियमच सापडत नाही. ‘लोकेशन सेटिंगमध्ये माझं काय चुकतंय?’ असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या तीन तक्रारी एकाच दुखण्याच्या वाटतात, पण कारणं तीन वेगळी आहेत. सगळ्यांना एकच औषध दिलंत तर एक बरी होईल आणि दुसरी चिघळेल. म्हणून एकेक घेऊ. तुमचं नेटवर्क मी पाहिलेलं नाही, तेव्हा काही ठिकाणी ‘हे तपासा’ एवढंच म्हणता येईल. पण कुठे पाहायचं ते नक्की सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण निम्मा गुंता तिथेच सुटतो. जीएसएलबी चालतं डीएनएसवर, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर. पुण्यातल्या अकाउंट्सच्या माणसाने ब्राउझरमध्ये ॲपचं नाव टाकलं की त्याचा लॅपटॉप नेटस्केलरला विचारायला येत नाही. तो आपल्या रिझॉल्व्हरला, म्हणजे नावांचे पत्ते शोधून आणणाऱ्या सर्व्हरला, विचारतो आणि रिझॉल्व्हर त्याच्या वतीने तुमच्या दारात येतो. नेटस्केलरला दिसतो तो या निरोप्याचा आयपी पत्ता. तोच डेटाबेसात शोधला जातो आणि निरोप्या जिथला, मालकही तिथलाच असं धरून उत्तर निघतं. घरच्या ब्रॉडबँडवर हे बहुतेक वेळा खपून जातं, कारण आयएसपीचा रिझॉल्व्हर साधारण त्याच मुलखात असतो. कंपनीच्या नेटवर्कात मात्र निरोप्या कुठूनही उगवू शकतो.

काही वर्षांपूर्वी हिंजवडीतल्या एका ऑफिससाठी मी नेमक्या याच तक्रारीवर दोन रात्री घालवल्या. डेटाबेस नवा चढवला, साइटची नावं पुन्हा टाकली, एकदा तर चिडून सिंगापूरची सर्व्हिसच बंद करून पाहिली (तेव्हा अर्थातच सगळं मुंबईहून उघडलं आणि आम्ही पाच मिनिटं खूश झालो). दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास ऑफिसच्या फायरवॉलवर पोर्ट ५३ची, म्हणजे डीएनएसची, पॅकेट्स पकडली, तेव्हा लक्षात आलं की इंटरनेटच्या दिशेने डीएनएसचं एकही पॅकेट जात नाहीये. ऑफिसातल्या डीएनएस सर्व्हरने फक्त कंपनीची अंतर्गत नावं मुख्यालयाकडे फॉरवर्ड करायची होती. कुणीतरी सरसकट सगळंच फॉरवर्ड करून ठेवलं होतं, आणि मुख्यालय होतं सिंगापूरला. पुण्यातला प्रत्येक प्रश्न एमपीएलएसवरून (कंपनीच्या खासगी लाइनवरून) सिंगापूरला जायचा, तिथला रिझॉल्व्हर नेटस्केलरकडे यायचा आणि नेटस्केलर इमानेइतबारे ‘सिंगापूरहून आलास ना, मग घे सिंगापूर’ म्हणायचा. त्याच्या बाजूने तो शंभर टक्के बरोबर होता. आग रामेश्वरी आणि आम्ही बंब घेऊन सोमेश्वरी उभे.

तुमच्याकडेही असंच असण्याची शक्यता मला बरीच वाटते. खात्री करायला दोन मिनिटं लागतील. पुण्यातल्या मशीनवरून अकामाई या कंपनीने चाचणीसाठी ठेवलेल्या ‘हूॲमआय डॉट अकामाई डॉट नेट’ या नावाची ए नोंद (नावाचा आयपीव्ही४ पत्ता) मागा. उत्तरात जो पत्ता येतो तो तुमच्या निरोप्याचा, म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणाऱ्या रिझॉल्व्हरचा. तो सिंगापूरचा निघाला तर पुण्याचं निदान झालं. तुमच्या ॲपचं नाव फक्त अंतर्गत डीएनएसमध्येच असेल तर ही चाचणी पुरेशी नाही. मग नेटस्केलरवरच पोर्ट ५३चा ट्रेस लावा, पुण्यातून एक नाव विचारा आणि प्रश्न कोणत्या पत्त्यावरून आला ते पाहा.

उपाय दोन आहेत. सरळ उपाय म्हणजे पुण्याच्या डीएनएस सर्व्हरवर कंडिशनल फॉरवर्डर ठेवणं: अंतर्गत डोमेन मुख्यालयाकडे, बाकी सगळं स्थानिक आयएसपीकडे, आणि जीएसएलबीचं डोमेन थेट ऐरोलीच्या आणि सिंगापूरच्या नेटस्केलरकडे. हे जमत असेल तर पुढचा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल.

पण बऱ्याच कंपन्यांत सुरक्षेची टीम म्हणते की सगळं डीएनएस मुख्यालयातूनच जाईल, तिथे लॉग होतं, तिथे गाळलं जातं. त्यांचंही चूक नाही. मग उरतो ईसीएस, म्हणजे ईडीएनएस क्लायंट सबनेट. २०१६च्या आरएफसी ७८७१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तो लिहिलेला आहे. यात रिझॉल्व्हर तुमच्याकडे येताना मूळ विचारणाऱ्याच्या पत्त्याचा पुढचा भाग चिठ्ठीत लिहून आणतो, आयपीव्ही४मध्ये सहसा पहिले २४ बिट. नेटस्केलरवर हे जीएसएलबीच्या प्रत्येक व्हर्च्युअल सर्व्हरसाठी वेगळं चालू करावं लागतं, आपोआप चालू नसतं. पण नुसतं तुमच्या बाजूला चालू करून भागत नाही, मुख्यालयातल्या रिझॉल्व्हरनेही चिठ्ठी पाठवायला हवी. अनबाउंड या रिझॉल्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, आणि कोणत्या सर्व्हरला पाठवायची तेही त्यात ठरवता येतं. फक्त तुमच्या दोन नेटस्केलरना पाठवा, अख्ख्या जगाला आपल्या आतल्या सबनेटची वर्दी द्यायचं कारण नाही.

ईसीएस लावलात तर एक जागा मुद्दाम पाहा. डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या डिग या कमांडला ‘+सबनेट’ देऊन पुण्याचा सबनेट घाला आणि नेटस्केलरला थेट विचारा. उत्तरात ‘क्लायंट-सबनेट’ची ओळ येते, तिच्यात पत्त्यानंतर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ २०३.०.११३.०/२४/२४. पहिला आकडा विचारणाऱ्याने दिलेला, दुसरा तुमच्या सर्व्हरने परत केलेला स्कोप. दुसरा आकडा ० आला तर त्याचा अर्थ ‘हे उत्तर सगळ्यांना चालेल’. रिझॉल्व्हर ते उत्तर कॅशमध्ये ठेवतो आणि टीटीएल (उत्तर जपून ठेवायची मुदत) संपेपर्यंत पुणे, मनिला, जकार्ता सगळ्यांना तेच वाटतो. मी पाहिलेल्या ‘ईसीएस चालू आहे पण चालत नाही’ या प्रकारातल्या बऱ्याचशा तक्रारी या शून्यापाशी येऊन थांबल्या.

आता घरून काम करणारे. यांचा नियम सापडत नाही, कारण प्रत्येकाचा निरोप्या वेगळा आहे. कुणाच्या राउटरमध्ये आयएसपीचा रिझॉल्व्हर, कुणी ८.८.८.८ टाकलेला, कुणी १.१.१.१. गूगलचा रिझॉल्व्हर ईसीएसची चिठ्ठी आणतो. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ खासगीपणाच्या धोरणामुळे आणत नाही. क्वाड९मध्ये ९.९.९.९ आणत नाही, ९.९.९.११ आणतो. वर सकाळी व्हीपीएन लावलं की लॅपटॉपचा डीएनएसच बदलतो आणि संध्याकाळी काढलं की पुन्हा घरचा येतो. एकच माणूस, एकच खुर्ची, आणि दिवसातून दोनदा ‘देशांतर’. यांच्यासाठी मी सगळ्यात आधी व्हीपीएन गेटवे कोणता डीएनएस देतो ते पाहतो. तो जर सिंगापूरचा देत असेल तर पुण्याचीच गोष्ट इथे पुन्हा घडतेय. स्प्लिट टनेलमध्ये (फक्त काही ट्रॅफिक व्हीपीएनमधून जातं तिथे) तर गंमत अशी होते की नाव व्हीपीएनमधून सिंगापूरला विचारलं जातं आणि डेटा घरच्या लाइनवरून जातो, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

कंपनीच्या आतल्या पत्त्यांबद्दल आणखी एक. १०.०.०.० पासूनचे किंवा १९२.१६८ वाले खासगी पत्ते जगातल्या कुठल्याही विकतच्या डेटाबेसात नसतात, असणारच नाहीत. ते तुम्हालाच हाताने भरावे लागतात. नेटस्केलरमध्ये हाताने भरलेली नोंद फाइलमधल्या नोंदीपेक्षा वरचढ ठरते, त्यामुळे हे हत्यार फार उपयोगाचं आहे. समजा पुण्याचा पट्टा १०.२०.०.० ते १०.२०.२५५.२५५ आहे. नोंद देताना सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता द्यायचा, स्लॅश १६ लिहून चालत नाही. शेवटी २५५.२५४ लिहिणारे भेटतात, त्यांच्या एका पत्त्याचं भूत वर्षातून एकदा छळतं. लोकेशनचे सहा खण असतात: खंड, देश, राज्य, शहर, आयएसपी, संस्था, मध्ये टिंबं. न लागणाऱ्या खणात तारा टाकायचा. ‘एएस.आयएन.महाराष्ट्र.पुणे.*.*’ असं काहीसं.

इथे स्पेलिंग सांभाळा. डेटाबेसच्या फाइलमध्ये खंडाचा आणि देशाचा दोन अक्षरी कोड असेल आणि तुम्ही हाताने ‘एशिया.इंडिया’ लिहिलंत तर बॉक्सच्या, म्हणजे नेटस्केलरच्या, लेखी हे दोन वेगळे ग्रह आहेत. त्याला भूगोल येत नाही, तो अक्षरं जुळवतो. म्हणून आधी फाइलमधली एखादी भारतीय नोंद उघडून बघा आणि तिचीच नक्कल मारा. राज्याच्या खणात तर आणखी सावध राहा, कारण कोडही बदलतात. आयएसओने २०२३मध्ये ओडिशाचा कोड ओआरवरून ओडी केला, उत्तराखंडचा यूटीवरून यूके. डेटाबेस नवा आणि हातच्या नोंदी जुन्या असं झालं की भुवनेश्वरचं ऑफिस एका रात्रीत नकाशावरून गायब.

दुबईची तक्रार मला सगळ्यात आवडली, कारण ती लोकेशनच्या गैरसमजावर नेमकं बोट ठेवते. ‘प्रॉक्सिमिटी’ हा शब्द वाचून आपण धरतो की बॉक्स किलोमीटर मोजत असेल. या पद्धतीत मूळ काम आहे खण जुळवण्याचं, डावीकडून उजवीकडे. तुमच्या प्रश्नात तुम्ही दोन्ही साइटच्या नोंदी डकवल्या आहेत: मुंबईची आशिया, भारत, महाराष्ट्र, मुंबई. सिंगापूरची आशिया, सिंगापूर. दोन्ही हाताने भरलेल्या, अक्षांश-रेखांश रिकामे. आता दुबईहून कुणी आला: आशिया, यूएई. मुंबईशी जुळतो एक खण, आशिया. सिंगापूरशी जुळतो एक खण, आशिया. बरोबरी! आणि बरोबरी झाली की उत्तरं आळीपाळीने जातात. ‘कधी इकडे, कधी तिकडे’ ते याच्यामुळे. नकाशावर दुबई मुंबईहून सुमारे १,९०० किलोमीटर आणि सिंगापूरहून सुमारे ५,८०० किलोमीटर आहे हे बॉक्सला कुणी सांगितलेलंच नाही. काठमांडू, कोलंबो, ढाका इथलेही लोक असेच हेलकावे खात असणार, फक्त त्यांनी अजून तक्रार केली नसेल.

यावर अक्षांश-रेखांश भरणं हा एक मार्ग आहे. मी स्वतः तो घेत नाही. मी काय करतो ते सांगतो. हातच्या नोंदीच्या कमांडमध्ये त्या रकान्याचं नावच ‘प्रिफर्ड लोकेशन’ आहे, पसंतीचं ठिकाण. तो पोस्टाचा पत्ता नव्हे. दुबईच्या ऑफिसच्या पट्ट्याला आणि त्यांच्या रिझॉल्व्हरच्या पत्त्याला मी बेधडक ‘आशिया, भारत, महाराष्ट्र, मुंबई’ असं लिहितो. भूगोलाच्या मास्तरांनी कान धरला असता, पण दुबईच्या माणसाने मुंबईला यावं हे धोरण यात स्वच्छ लिहिलं जातं. ऑफिसपुरतं न ठेवता सगळ्या आखातासाठी हवं असेल तर डीएनएस पॉलिसी लावा: प्रश्न यूएई, ओमान, कतार इथून आला तर पसंतीची यादी अशी, आधी मुंबई, ती बंद असेल तर सिंगापूर. अशा आठ-दहा ओळींत बहुतेक कंपन्यांचं काम भागतं. त्या ओळींवर तारीख आणि कारण लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी नवा माणूस येऊन ‘दुबई भारतात कशी?’ म्हणत ती दुरुस्त करून टाकेल. हे माझ्या बाबतीत झालंय, आणि तो नवा माणूस मीच होतो.

पसंती ठरवताना नकाशापेक्षा मिलिसेकंदांना विचारा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई-सिंगापूर हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, तेव्हा कितीही पैसे ओतले तरी ३९च्या खाली जाता येणार नाही. प्रत्यक्षात ६०च्या आसपास आकडे दिसतात, कारण केबल सरळ रेषेत जात नाही. मुंबई-दुबई हिशोबाने १९ निघतो, पण दुबईच्या एका लाइनवर मी १४० पाहिलेले आहेत. तिथला सेवा पुरवणारा मुंबईला जाण्यासाठी युरोपात वळसा घालत होता. अशा ऑफिसला सिंगापूर खरोखरच जवळ पडू शकतं. म्हणून दुबईच्या मशीनवरून दोन्ही साइटना दिवसातून चार वेळा, आठवडाभर मोजा. एकदा मोजून धोरण ठरवू नका. आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. फेब्रुवारी २०२४मध्ये तांबड्या समुद्रात एएई-१, ईआयजी आणि सीकॉम या केबल तुटल्या, सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाहजवळ पुन्हा काही केबल तुटल्या. नकाशा होता तसाच राहिला, वाट मात्र लांबली. स्टॅटिक डेटाबेसला याची गंधवार्ता नसते.

‘मग डायनॅमिक आरटीटी पद्धतच का नको?’ असं कुणीतरी म्हणेलच. त्यात बॉक्स रिझॉल्व्हरला पिंग वगैरे करून जाऊन-येऊन लागणारा वेळ (आरटीटी) मोजतो. अडचण तीच, मोजमाप निरोप्याचं होतं, आणि आजकाल बरेच रिझॉल्व्हर अशा टकटकीला दारच उघडत नाहीत. मी ती मागची, म्हणजे राखीव, पद्धत म्हणून ठेवतो, पुढची म्हणून नाही.

डेटाबेसवर किती विसंबायचं? देशापर्यंत बऱ्यापैकी, राज्यापर्यंत जपून, शहरापर्यंत नाही. भारतात मोबाइलचे पत्ते ऑपरेटरच्या गेटवेच्या शहरात दिसतात. माणूस चंद्रपूरला आणि पत्ता मुंबईचा हे रोजचं आहे. शिवाय ज्या पत्त्याचा फक्त देश माहीत असतो त्याला काही डेटाबेस देशाच्या ‘मध्याचे’ निर्देशांक चिकटवतात. अमेरिकेसाठी मॅक्समाइंड या डेटाबेस विकणाऱ्या कंपनीने वापरलेला गोल आकडा कॅन्ससमधल्या एका शेतघराच्या अंगणात पडत होता, आणि इंटरनेटवरच्या कुणाच्याही उद्योगांसाठी तिथे वर्षानुवर्षं पोलीस आणि संतापलेले लोक येत राहिले. २०१६मध्ये तो बिंदू एका तलावात हलवला गेला. भारतासाठी जुन्या तक्त्यांत २० उत्तर, ७७ पूर्व असा गोल आकडा असे. नकाशावर टाकून बघा, वाशिमजवळ पडतो. एका ग्राहकाच्या डॅशबोर्डवर वाशिम परिसरात वापरकर्त्यांचा एवढा पूर दिसत होता की मार्केटिंगवाल्यांनी तिकडे जाहिरातीचा विचार सुरू केला होता. तुमच्या दोन साइट दोन वेगळ्या देशांत आहेत, तेव्हा राज्य आणि शहर या खणांची गरजच नाही असं माझं मत आहे. विकतच्या फाइलमधले ते खण दुर्लक्षित राहिले तरी बिघडत नाही.

वापरकर्त्याचं लोकेशन तपासताना सर्व्हरचं लोकेशन तपासायला लोक विसरतात. तुलना दोन बाजूंनी होते. साइटचा पत्ताही त्याच डेटाबेसात शोधला जातो. क्लाउडमधले पत्ते कधीकधी कंपनीच्या अमेरिकेतल्या नोंदणीमुळे अमेरिकेचे दिसतात. सर्व्हर मुंबईत आणि नोंद अमेरिकेची असेल तर अख्खा भारत निमूट सिंगापूरला जातो. तुम्ही साइटच्या नोंदी हाताने भरल्यात ते उत्तम केलंत. फक्त नॅटच्या (खासगी पत्ता सार्वजनिक पत्त्यात बदलणाऱ्या सोयीच्या) मागे सर्व्हिस असेल तर खासगी आणि सार्वजनिक दोन्ही पत्त्यांच्या नोंदी आहेत ना, ते पाहा. आणि आयपीव्ही६ विसरू नका. त्याची फाइल वेगळी, नोंदी वेगळ्या. आपल्याकडचे मोबाइल मोठ्या प्रमाणात आयपीव्ही६वर आहेत आणि ऑपरेटरचा रिझॉल्व्हरही त्याच वाटेने तुमच्याकडे येऊ शकतो.

पुढची गोष्ट छोटी आहे, पण मी ती प्रत्येक नव्या ठिकाणी सगळ्यात आधी करतो. डेटाबेस दोन्ही बॉक्सवर स्वतंत्र असतो. तुमच्या डोमेनसाठी दोन नेमसर्व्हर आहेत, ऐरोलीचा आणि सिंगापूरचा. जगातला रिझॉल्व्हर त्यांच्यापैकी कुणालाही विचारू शकतो. ऐरोलीत मागच्या महिन्याची फाइल आणि सिंगापूरला दीड वर्षापूर्वीची असेल तर एकाच पत्त्याला दोन दारांत दोन उत्तरं मिळतील, आणि वरवर पाहता सगळं बरोबर दिसेल. दोन्ही बॉक्सच्या शेलमध्ये जाऊन फाइलचा चेकसम (मजकुरावरून निघणारा ठसा) काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. हातच्या नोंदींचीही संख्या जुळवा. दोन्ही साइटमधला मेट्रिक एक्स्चेंजचा दुवा चालू आहे ना तेही बघा. पोर्ट ३०११, सुरक्षित केलं असेल तर ३००९. तो तुटला की एका साइटला दुसरीची तब्येत कळत नाही, आणि मग लोकेशन कितीही अचूक असो, उत्तर आंधळं असतं.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचाय म्हणून लोकेशन नीट हवंय. हे मात्र जीएसएलबीवर टांगू नका. रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८चं परिपत्रक डेटा कुठे साठवला जातो याबद्दल बोलतं. डीएनएसचं उत्तर ही फक्त शिफारस असते. कुणीही सिंगापूरचा पत्ता थेट टाकून तिथे पोहोचू शकतो, आणि मुंबई बंद पडली की तुमचा बॉक्स स्वतःच सगळ्यांना तिकडे पाठवेल. ते बंधन ॲपच्या आणि त्याच्या स्वतःच्या डेटाबेसच्या थरातच घालायला हवं.

आतापर्यंतचं दोन ओळींत: पुण्याचा निरोप्या बहुधा सिंगापूरहून येतोय, दुबईची खणांत बरोबरी होतेय, आणि घरच्यांचा डीएनएस दिवसातून दोनदा बदलतोय. म्हणून काम याच क्रमाने करा. आधी दोन्ही बॉक्सच्या फाइलची तुलना, कारण ती वेगळी असेल तर पुढची प्रत्येक चाचणी खोटी ठरेल. मग पुणे, दुबई आणि व्हीपीएनवरचा एक लॅपटॉप अशा तीन जागांहून निरोप्याचा पत्ता. मग पुण्याचा फॉरवर्डर किंवा ईसीएस, दोन्हींपैकी एकच, दोन्ही एकदम नको, नाहीतर कशामुळे सुटलं ते कळणार नाही. दुबईच्या नोंदी शेवटी, मोजमाप हातात आल्यावर.

बदल करण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल खाली आणा. आत्ता ३०० सेकंद असेल तर ३० करा आणि जुने ३०० सगळीकडून वाहून जाऊ द्या. तरीही काही मशीन जुनाच पत्ता धरून बसतील. ब्राउझर स्वतःची कॅश ठेवतो, आणि काही जावा ॲप तर एकदा मिळालेलं उत्तर पुन्हा सुरू करेपर्यंत सोडत नाहीत, त्यांची डीएनएस कॅशची सेटिंग तपासा. पुण्यातल्या एखाद्याने ‘अजून सिंगापूरच येतंय’ म्हटलं तर आधी त्याच्या मशीनवर डिग चालवा, मगच नेटस्केलरवर लॉगिन करा.

तीन जागांचे रिझॉल्व्हरचे पत्ते आणि डिगच्या उत्तरातली ती क्लायंट-सबनेटची ओळ मिळाली की इथेच डकवा. सार्वजनिक पत्त्यांचे शेवटचे आकडे झाकलेत तरी चालेल, पहिले तीन पुरेसे आहेत.